तुपातलं कुंकू

रविवार, १२ मार्च २०१७

इंजिन एकदाचं जुळलं. गेल्या ऑक्टोबरात हवेत असताना पिस्टन चिकटला आणि मी कसाबसा वेन नावाच्या शेतकऱ्याच्या धावपट्टीवर उतरलो. तेव्हापासून ते मिसिसागात आमच्या बेसमेंटमध्ये, पिंगपाँगच्या टेबलावर सुटं पडून होतं. अख्खा विंटर प्रमिला घरात पेट्रोलचा वास येतो म्हणून कुरकुरत होती. बायको कुरकुरते म्हणून इंजिन बाहेर बर्फात ठेवायचं असतं का?

पुढेमागे ही वही कुणी उघडलीच, तर सांगून ठेवतो. (आमची मुलगी गौरांगी उघडणार नाही, तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून तर मोकळेपणाने लिहितो.) आमचं जायरोप्लेन म्हणजे एक खुर्ची, खाली तीन चाकं, पाठीमागे पेट्रोलची टाकी, त्यामागे इंजिन आणि ढकलणारा छोटा पंखा. डोक्यावर मोठा पंखा. त्याला इंजिन लागत नाही, तो वाऱ्यानेच फिरतो. त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी यंत्र कोसळत नाही, खाली उतरतं. मात्र लांब जाता येत नाही. त्या क्षणी खाली मैदान असेल तर मैदानात, झाडं असतील तर झाडांत.

हे मी आणि नंद्याने बांधलं. नंद्या म्हणजे नंदकुमार, साताऱ्याचा. इथे कॅनडात ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात त्याने जन्मभर इंजिनं जुळवली. मी नाशिकचा, जन्मभर लिफ्ट बसवल्या. माणसांना वर न्यायचा धंदा माझाच, असं मी त्याला ऐकवत असतो. सांगाडा मी केला, इंजिन त्याचं.

आज शेवटचे बोल्ट आवळताना त्याचा पाना लोखंडावर टकटक वाजत होता. म्हटलं, "कॉफी कमी कर." तो म्हणाला, "तुझं बेसमेंट गार आहे." शीलालाही घेऊन आला होता. ती दिवसभर त्याच्याशेजारी बसून, बोल्ट किती आवळला गेला ते पान्यावरच्या काट्यावर वाचून दाखवत होती. नवऱ्याला एकट्याला सोडवत नाही वाटतं, म्हणून मी चिडवलं. दोघंही हसले नाहीत.

प्रत्येक बोल्ट त्याने पुन्हा पुन्हा तपासला. मी वैतागलो. निघताना म्हणाला, "बाळ्या, हे माझं शेवटचं इंजिन. आता पुरे." नाटकी आहे पहिल्यापासून.

पहिल्या उड्डाणाची पाळी त्याची आहे. तर म्हणे तूच ने. पायलटच्या परवान्यासाठी डॉक्टरची तपासणी लागते, ती त्याने अजून केलेली नाही. आळशी.

मंगळवार, २८ मार्च, पाडवा

ऑरेंजव्हिलच्या पुढे वेनच्या शेतात गवताची धावपट्टी आहे. तिथल्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, इंजिन चढवलं. प्रमिला पूजेचं ताट घेऊन आली होती. देवधर्माचं तिला वेड नाही, पण गेल्या ऑक्टोबरानंतर ती घाबरली आहे. मला उडू नको म्हणत नाही, फक्त यंत्राला टिळा लावल्याशिवाय मी बसायचं नाही, अशी अट आहे. मान्य केली. त्यात काय जातं?

नंद्या नेहमीप्रमाणे पूजा सुरू होताच बाहेर गेला. "वहिनी, तुमच्या देवाला टू-स्ट्रोक कळतं का?" असं तिला विचारून गेला. ती म्हणाली, "तुम्हाला कळतं ना भावजी, मग झालं." त्यावर मात्र तो खूश झाला.

पहिलं कुंकू वाऱ्याने उडालं. हँगरचं दार मोठं आणि वेनच्या शेतातला वारा दुष्ट. पण प्रमिला तयारीनिशी आली होती. घरून वाटीत तुपात कालवलेलं कुंकू आणलं होतं, म्हणजे जागचं हलायला नको. टिळा कुठे लावायचा यावर आमची चर्चा झाली. इंजिन तेलकट, पंखा धारदार. शेवटी तिने टाकीचं झाकण पसंत केलं, "हे कसं कपाळासारखं आहे," म्हणाली. झाकणाच्या मधोमध बारीकशी खळगी आहे, तिथे तिचं बोट बरोबर बसलं. छान ठसठशीत टिळा आला. बाहेर बर्फ वितळत होता आणि आमची बोटं आखडली होती, पण दोन क्षण मला खरंच प्रसन्न वाटलं.

मग नंद्याला हाक मारली आणि इंजिन सुरू केलं. एका फटक्यात. थोडाच वेळ चालवायचं होतं, चालवलं. नंद्या डोळे मिटून ऐकत होता.

रविवार, ९ एप्रिल

आज इंजिनाची पहिली मोठी परीक्षा. यंत्र दोराने खांबाला बांधलं, मी खुर्चीत, नंद्या बाजूला. सुरुवातीला सगळं उत्तम. मग आवाज बदलला. घसा बसल्यासारखा. आणि बंद.

मी आधी पेट्रोल बघितलं. झाकण फिरवलं तर टाकीने मोठा सुस्कारा टाकला, आणि पेट्रोल अर्ध्याच्या वर. पुन्हा चावी फिरवली, ताबडतोब सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

नंद्याचा चेहरा पडला. म्हणाला, "परत चालव." परत चालवलं, परत काही वेळाने तेच. झाकण उघडलं, पेट्रोल आहे. सुरू केलं, सुरू झालं. असला लहरी दोष मला मान्य नाही. लिफ्ट एक तर चालते किंवा चालत नाही.

टाकीचं प्लॅस्टिकही आता जुनं झालं. मधूनच पोट आत गेल्यासारखी दिसते. पुढच्या वर्षी बदलू.

रविवार, १६ एप्रिल

कार्ब्युरेटर काढून साफ केला. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण तिथे होतं, तेव्हा संशयाची जागा तीच. आतला बारीक पितळी तुकडा नंद्याच्या हातून खाली पडला. मग पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी काढून घेतला आणि स्वतः बसवला. तो चिंधीने हात पुसत राहिला.

हात पुसून झाले होते तरी पुसत होता.

इंजिन आजही बंद पडलं.

शुक्रवार, २८ एप्रिल, अक्षय्य तृतीया

गार आणि दमट दिवस. प्रमिलाने मुहूर्त साधून टिळा ताजा केला. जुना तसाच घट्ट होता, त्याच्यावरच नवा थर दिला. इंजिनाने मुहूर्ताचा मान राखला नाही.

पण आज वेनने एक गोष्ट सांगितली. तो कॉफीचा मग घेऊन आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "यू नो, कुड बी कार्ब आइस." दमट गार हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, इंजिन गुदमरतं, आणि बंद पडल्यावर इंजिनाच्याच उष्णतेने बर्फ वितळतो. मग शोधायला गेलं तर पुरावा शिल्लक नाही! मला एकदम पटलं. सगळं जुळतं. नंद्या मात्र मान हलवत होता. "बर्फ इतका नियमाने धरत नाही रे. इंजिनाच्या बाहेर कुठेतरी बघू या." मी म्हटलं, बाहेर काय बघायचं? टाकी, नळ्या, सगळं जुनंच आहे, आपण तिथे हातही लावलेला नाही. हात लावला तो फक्त इंजिनाला.

बोलून गेल्यावर लक्षात आलं की हात त्याने लावला होता.

व्हँकुव्हरहून गौरांगीचा फोन. "बाबा, यू आर सिक्स्टी-सेव्हन. कॅन यू टेक अप गोल्फ लाइक अ नॉर्मल पर्सन?" तिला सांगितलं, गोल्फमध्ये माणूस जमिनीवरच राहतो.

गुरुवार, १८ मे

उडालो!

दोन दिवस उकडतंय. कालपरवापर्यंत जॅकेट घालत होतो आणि आज हँगरच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. प्रमिलाचा टिळासुद्धा ओघळला, टाकीवरून लाल धार आली. आधी जमिनीवर भरपूर वेळ चालवलं. एकदाही अडखळलं नाही. नंद्या आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग मी हेल्मेट घातलं.

धावपट्टीच्या निम्म्यावरच चाकं सुटली. वेनच्या कोठाराला, मेपलच्या झाडांना वळसा घालून परत. मग पुन्हा. सात महिने मी हे विसरलो होतो, पायांखाली काहीच नसण्याचं सुख. उतरलो तेव्हा नंद्या धावपट्टीच्या कडेला गवतात बसला होता आणि रडत होता. मी म्हटलं, "अरे इंजिन चाललं, रडतोस काय?" तो म्हणाला, "चाललं म्हणूनच."

तर बर्फाचाच दोष होता. उन्हात बर्फ धरत नाही, उन्हात इंजिन बंद पडत नाही. सिद्ध! कार्ब्युरेटर गरम ठेवणारी पट्टी मागवली आहे. ती लावली की थंडीचंही भय नाही.

शनिवार, २७ मे

घरी पोचल्याबरोबर लिहायला बसलो आहे.

सकाळी हवा पुन्हा गार. मुद्दामच असा दिवस निवडला, नवी गरम पट्टी तपासायला. प्रमिलाने टिळा लावला, मला दही दिलं. जमिनीवर थोडंच चालवलं, ठीक होतं. उडालो. पहिला वळसा झाला. दुसऱ्या वळशात, बरोबर मेपलच्या झाडांवर, तोच घसा बसल्याचा आवाज. आणि मग आवाजच नाही.

ती शांतता कुणाला सांगून कळायची नाही. फक्त वरच्या पंख्याची सपसप. यंत्राचं नाक खाली दाबलं, वेग जाऊ द्यायचा नाही एवढंच डोक्यात. धावपट्टी लांब होती, पोचणं शक्य नव्हतं. झाडांचे शेंडे पायांखालून गेले, बुटाला फांदी लागल्यासारखं वाटलं, खरंच लागली का माहीत नाही. मग कुंपण. कुंपण ओलांडलं आणि वेनच्या ओल्या शेतात चाकं आपटली. यंत्र घसरलं, तिरकं झालं, पण पडलं नाही. मी खुर्चीतच बसून राहिलो. प्रमिलाच्या नावाने काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही.

वेनचा ट्रक आला, त्यात नंद्या आणि प्रमिला. प्रमिलाने माझे दोन्ही हात धरले. मी टाकी उघडली. सुस्कारा. पेट्रोल भरपूर. चावी फिरवली.

लगेच सुरू झालं.

बंद राहिलं असतं तर बरं झालं असतं. सुरू झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी नंद्याला म्हटलं, "बर्फबिर्फ काही नाही. आत काहीतरी ढिलं आहे. तूच ठेवलंयस."

"बाळ्या, एकेक बोल्ट तपासलाय मी."

"कशाने? ह्या हातांनी? कापतात तुझे हात! बघ, आत्ताही कापतायत. तुला एक पितळी तुकडा धरता येत नाही आणि मी त्या इंजिनावर जीव टाकून वर जातो!"

त्याने हात पाठीमागे घेतले. शाळेत मास्तरांसमोर मुलं घेतात तसे. खिशातून हँगरची किल्ली काढायला त्याला वेळ लागला, मग ती ट्रकच्या बॉनेटवर ठेवली आणि शेतातून चालत त्याच्या गाडीकडे गेला.

घरी येताना प्रमिला खिडकीबाहेर बघत होती. हायवे लागल्यावर म्हणाली, "बोलायला नको होतं." मी म्हटलं, मेलो असतो. ती म्हणाली, "तरी."

रविवार, २८ मे

शीलाचा फोन. "बाळभावजी, त्यांनी सांगू नको म्हटलंय, पण मी सांगते. पार्किन्सन्स आहे. गेल्या सप्टेंबरात निदान झालं."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इंजिनाला हात लावू दिला नसता. म्हणून मी काटा वाचायला बसत होते ना. स्वतःच्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक बोल्ट तीन-तीनदा करायचे. घरी येऊन झोपून जायचे लहान मुलासारखे."

कॉफी, गार बेसमेंट, डॉक्टरच्या तपासणीचा आळस. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी थट्टा करत बसलो. चाळीस वर्षांची दोस्ती आणि मला दिसलं नाही. लाज वाटते.

पण खरं तेच लिहायचं तर हेही लिहितो. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा वाईट वाटलं आणि दुसऱ्यांदा वाटलं, म्हणजे माझा संशय बरोबरच होता. आजारी हातांनी जुळवलेलं इंजिन.

बुधवार, ३१ मे

ग्वेल्फजवळचा एक मेकॅनिक शुक्रवारी इंजिन न्यायला येणार आहे. पूर्ण उघडून बघणार. प्रमिलाला सांगितलं तर तिने पोळी लाटणं थांबवलं.

"म्हणजे भावजींचं काम दुसरा माणूस उघडून बघणार. आणि त्यांना कळणार."

"मग मी काय करू? तसाच उडू?"

"उडू नका."

"आणि ते यंत्र?"

"ते मला काय माहीत? पण त्यांच्या हाताने झालेलं ते शेवटचं काम आहे. त्यात चूक निघाली तर तो माणूस उरलेलं आयुष्य त्या चुकीकडे बघत बसेल. नाही निघाली तर तुमच्याकडे."

ही बाई एरवी भाजीत मीठ विसरते आणि असं काहीतरी बोलते. मी रागाने वर आलो. मेकॅनिकला नको म्हणून कळवावं असं दोनदा मनात आलं. पण मग काय करायचं ते कळत नाही. नंद्याला चूक ठरवल्याशिवाय मला पुन्हा उडता येत नाही, आणि त्याला चूक ठरवून मला उडायचं नाही.

गुरुवार, १ जून

सकाळी उगाच भांडण. घरात कमालीचं गार. जून उजाडला म्हणून मी हीटिंग बंद करून टाकलं होतं. पोळीवर तूप मागितलं तर चमचा आत जाईना. मी म्हटलं, "तूप थिजलंय. आधी बाहेर काढून ठेवता येत नाही?" प्रमिला म्हणाली, "बाहेरच आहे. तुमच्या घराला हीटिंग नाही त्याला मी काय करू? इथे थिजणारच." आणि बरणी शेगडीजवळ नेऊन ठेवली. पाच मिनिटांत पातळ झालं. गारठ्यात दगड आणि उबेला पाणी, असला लहरी पदार्थ

थांब.

शुक्रवार, २ जून

काल पेन तसंच टाकून हँगरला गेलो. प्रमिलाला सांगितलं, वेनकडे काम आहे.

झाकणावर टिळा होता, गार आणि घट्ट. मार्चपासून रोज माझ्या नजरेसमोर. झाकणाच्या मधोमध खळगी नाही, भोक आहे. टाकीतून पेट्रोल जाईल तशी त्या भोकातून हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. हे मला माहीत नव्हतं का? हे कुठल्याही मोटारसायकलवाल्याला माहीत असतं! पण टाकीला आम्ही हात लावला नव्हता ना. हात लावला होता प्रमिलाने.

मी झाकण उघडायचो तेव्हा हवा आत जायची, म्हणून इंजिन लगेच सुरू व्हायचं. ऊन असलं की तूप वितळायचं, म्हणून अठरा मेला यंत्र देवासारखं चाललं. टाकीचं पोट आत जायचं तेही त्यामुळेच. नंद्या म्हणाला होता, इंजिनाच्या बाहेर बघ.

खिशात दात कोरायची काडी होती. तिने भोक मोकळं केलं. काडीचं टोक लाल झालं, ती परत खिशात टाकली. झाकण गरम पाण्याने धुतलं, टाकी रिकामी करून धुतली, नळ्या झटकल्या. मग यंत्र बांधून इंजिन चालवलं. संध्याकाळचा गारठा होता. ते चालतच राहिलं. मी झाकण उघडलं नाही. शेवटी मीच कंटाळून बंद केलं आणि खांबाला टेकून बसलो.

इंजिनात काही चूक नव्हती. एकही बोल्ट ढिला नव्हता.

आज सकाळी मेकॅनिकला येऊ नका म्हणून सांगितलं. आता प्रश्न वेगळाच. नंद्याला खरं सांगायलाच हवं. पण खरं सांगायचं म्हणजे प्रमिलाला सांगणं आलं. माझ्या जिवासाठी तिने जे केलं त्यानेच मी झाडांवर लटकलो असतो. तिला हे कळलं तर ती पुन्हा कशालाही हात जोडणार नाही, आणि स्वतःला माफ तर कधीच करणार नाही. मी ओळखतो तिला.

नाही सांगायचं. चूक कुणाची तरी लागतेच ना? माझी.

शनिवार, ३ जून

नॉर्थ यॉर्कला नंद्याच्या कॉन्डोवर गेलो. प्रमिला शीलासाठी म्हणून बरोबर आली, तिला थांबवायला कारण सुचलं नाही. नंद्याने दार उघडलं, हात खिशात घालून.

मी उभ्याउभ्याच बोललो. "इंजिन चोख आहे. चूक माझी. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं. इंजिन बसवताना सांधे बुजवायचं लाल सीलंट माझ्या हातून तिथे लागलं आणि वाळून बसलं. मी बघितलंच नाही. शेतात तुला जे बोललो ते... नंद्या, मला माफ कर."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"लाल सीलंट," तो म्हणाला.

"हो."

"गारठ्यात घट्ट होणारं."

मी मान खाली घातली. प्रमिला शीलाने दिलेला चहा ढवळत होती. नंद्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असतं तसं एक," तो म्हणाला. "कारखान्यात मीही बघितलंय." आणि हात खिशातून काढून कप उचलला. चहा बशीत सांडला. त्याने लपवलं नाही. "आणि बाळ्या, हात कापतात ते तू खोटं नव्हतं बोललास. कापतात."

मला रडू आलं. ते मी खोकल्यात घातलं.

रविवार, ४ जून

थोडक्यात वाचलो. गुरुवारचा शर्ट मी धुवायला टाकला होता, खिशातल्या काडीसकट. आज शर्ट इस्त्री होऊन आला आणि काडी ओट्यावर, खिडकीपाशी ठेवलेली. प्रमिलाने काही विचारलं नाही. परवा बिटाची कोशिंबीर होती, टोकाची लाली तिला बिटाचीच वाटली असणार. काडी मी कचऱ्यात टाकली.

आज दिवसभर गप्प गप्प होती. दमली असेल.

मंगळवार, ६ जून

मुद्दाम गार सकाळ निवडली. वेनसुद्धा कॉफी घेऊन हजर. शीला आली होती. नंद्याने सगळं यंत्र तपासलं, एकेक करत, सावकाश. कुणी घाई केली नाही.

मला धाकधूक होती ती टिळ्याची. प्रमिलाला झाकणापासून लांब कसं न्यायचं याची दोन-तीन निमित्तं घरूनच जमवून आणली होती. तिने ताट काढलं. त्यात कुंकू होतं, पण कोरडं.

"आज तूप नाही?" मी विचारलं. उगाच, संशय येऊ नये म्हणून.

"संपलं," ती म्हणाली.

नशीब म्हणतात ते हेच. नेहमी पूजेच्या वेळी बाहेर जाणारा नंद्या आज गेला नाही. पुढे येऊन म्हणाला, "वहिनी, झाकणावर नको. इंजिनावर लावा. माझ्या कामाला तुम्ही एकदाही टिळा लावला नाहीत."

प्रमिलाने ताट त्याच्यापुढे धरलं. "भावजी, तुमचं काम आहे. तुम्हीच लावा."

त्याने बोटावर कुंकू घेतलं. हात इंजिनापर्यंत जाईपर्यंत अर्धं सांडलं. सिलिंडरवर जे उमटलं त्याला टिळा म्हणायला मन मोठं हवं. वाकडीतिकडी रेघ, खालपर्यंत ओढली गेलेली. तो पुसायला गेला तर प्रमिलाने त्याचं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाली. "छान आलाय." तिचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांनी नास्तिक माणसाने कुंकू लावलं, बायकांना अशा गोष्टींचं अप्रूप असतं.

उडालो. पहिला वळसा. दुसऱ्या वळशात मेपलची झाडं पायांखाली आली तेव्हा मी दांडा घट्ट धरला. कारण कळलेलं होतं, भोक मोकळं होतं, निघण्यापूर्वी मी तीनदा बघितलं होतं, तरी कान सगळे पाठीमागे. आता घसा बसेल, आता. झाडं गेली. कुंपण गेलं. तिसरा वळसा घेतला, चौथा घेतला, मग मोजणं सोडलं. बोटं बधिर होईपर्यंत फिरलो. इंजिन एकदाही अडखळलं नाही. खाली हँगरसमोर चौघं दिसत होती. तिघं वर बघत होती. नंद्या मान खाली घालून उभा होता, ऐकत.

उतरल्यावर त्याने इंजिनावर हात ठेवला. गरम होतं, तरी ठेवला. "आता पुरे," म्हणाला. या वेळी मला ते नाटकी वाटलं नाही.

घरी येताना प्रमिलाने गाडीत माझा हात धरला होता, हायवे संपेपर्यंत सोडला नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. आलात ना नीट." ते लाल सीलंटचं तिने पुन्हा एकदाही काढलं नाही. विसरली असेल. मीही काढणार नाही, हे गुपित माझ्याबरोबर जाईल.

आत्ता जेवून उठलो. वरणभातावर नेहमीसारखी तुपाची धार होती. दुसरी बरणी सापडलेली दिसते.